चार मजल्यांचा प्रीअँप

रविवारी दुपारी मोठ्या पलंगाच्या चादरीची घडी घालत होते. एकटीने घालायची म्हणजे दोन टोकं दोन हातांत, मधली कड हनुवटीखाली, आणि बोलायचं नाही. निम्मी घडी झाली तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली, “अगं, एक मिनिट ये. एकच मिनिट.”

यांचं एक मिनिट मी एकतीस वर्षं ओळखते. चादर हनुवटीखाली तशीच धरून गेले.

आतली खोली मुळात पाहुण्यांची. पण पाहुणे येऊन पाहतात तर पलंगाच्या उशाशी कमरेएवढा लोखंडी सांगाडा उभा, खाली चाकं, आणि त्यात एकावर एक स्क्रूने बसवलेले चपटे डबे. त्याला रॅक म्हणतात. पाहुणे एक रात्र राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घरी काहीतरी महत्त्वाचं काम आठवतं. रॅकच्या पुढ्यात स्टुलावर आमचे हे, मांडीवर गिटार, चेहऱ्यावर मुलीच्या निकालाच्या दिवशी होता तसला भाव.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या, मोठमोठ्या इमारतींच्या. मोटर कुरकुरली की आजार कुठे आहे ते हे दाराला कान लावून सांगतात. कामावरचे लोक म्हणतात, तुमच्या यांचे कान सोन्याचे आहेत. असतील. भाजी आणायला सांगितलेलं मात्र त्या सोन्यातून आत शिरत नाही.

आणि हे गिटार वाजवतात. तंत्रशाळेत असताना चौघांनी मिळून बँड काढला, तो अजून चालू आहे. गाणारा आमच्या गल्लीच्या तोंडाशी केस कापतो. चौघांचेही केस आता इतके उरले आहेत की त्याचा त्या बाजूने काही फायदा नाही.

आता प्रीअँप म्हणजे काय ते सांगते. मला ते इतक्या वेळा समजावलंय की परीक्षा दिली तर पहिली येईन. विजेच्या गिटारीतून निघणारा आवाज मुळात आजारी माणसाच्या हाकेसारखा असतो, शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. प्रीअँप त्याला उठवून बसवतो, तोंड धुऊन देतो, चांगले कपडे घालतो. मग खालचा दांडगा पॉवर अँप त्याला गल्लीभर हिंडायला सोडतो. दांडगा कुठलाही चालतो, पण माणूस कसा दिसणार ते प्रीअँप ठरवतो.

रॅकमधला प्रीअँप यांनी स्वतः बनवलेला. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. टेबलावर अजून तारा जोडायच्या सोल्डरिंगच्या सळईचा काळा डाग आहे. त्यावर मी इतकी वर्षं मिठाची बरणी ठेवते. समोरची पत्र्याची पाटी एका मोडीत निघालेल्या लिफ्टची आहे. आवाजाच्या खुंटीभोवती त्याच लिफ्टचे आकडे गोलात ठोकले आहेत: तळमजला, एक, दोन, तीन, चार. घरात वाजवायचं तर पहिल्या मजल्यावर. सभागृहात तिसऱ्या. चौथ्यावर गेलं की कोपऱ्यातला लाल दिवा पेटतो आणि त्याखाली लिहिलेलं आहे, ‘जादा वजन’. आमची मुलगी लहान असताना ताप आला की म्हणायची, बाबा, आज मी चौथ्या मजल्यावर आहे.

तर या प्रीअँपला गेल्या वर्षापासून घुंघूं लागली होती. घरात नाही, पहिल्या मजल्यावर तो गुणी बाळासारखा असतो. मोठ्या जागेत तिसऱ्यावर गेला की घुंघूं. मागच्या कार्यक्रमात गाणाऱ्याने डोळे मिटून अगदी हळुवार ओळ घेतली आणि त्या शांततेत हा डबा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा बोलू लागला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पर्स उघडून स्वतःचा फोन तपासला.

दुसऱ्या दिवशी गाणारा घरी आला. “वहिनी, याला सांगा. दोन महिन्यांनी वाचनालयाच्या नव्या सभागृहात कार्यक्रम आहे. तिथे घुंघूं झाली ना, तर हा स्टेजवर नाही. प्रेक्षकांत. खुर्ची मी स्वतः पुसून देतो.”

तो हसत म्हणाला, पण यांना ते लागलं. तेव्हापासून नव्या प्रीअँपचा शोध सुरू. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा घ्यावा, की ट्रान्झिस्टरचा, की तो पडदा असलेला, ज्यात म्हणे शंभर आवाज आधीच भरून ठेवलेले असतात? रॅकमध्ये रिकामी जागा नाही, म्हणजे नवा आला तर जुना बाहेर. कागदावर तक्ते झाले. जेवताना ताटाशेजारी मोजपट्टी. मला मागणी घालायचं यांनी दहा मिनिटांत ठरवलं होतं, तेही बस चुकू नये म्हणून. या डब्याला सात आठवडे लागले.

शेवटी दुकानदाराने कंटाळून एक नवा व्हॉल्व्हचा प्रीअँप बुधवारपर्यंत घरी वापरायला दिला. म्हणाला, आवडला तर ठेवा, जुना मला आणून द्या, तेवढी सूट देतो. जुन्याचं काय करणार, असं यांनी विचारलं. “ट्रान्सफॉर्मर कामाला येईल. बाकीचा पत्रा भंगारात.” हे मला सांगताना यांनी ‘भंगार’ हा शब्द जरा खाली मान घालून उच्चारला.

रविवारचं ते एक मिनिट म्हणजे परीक्षा होती. दोन्ही प्रीअँप एका छोट्या पेटीला जोडलेले. पेटीवर पायाने दाबायचं एक जाड बटण. एकदा दाबलं की जुना, परत दाबलं की नवा. जुन्याला हिरवा दिवा, नव्याला लाल.

“मी खिडकीकडे तोंड करून बसतो,” हे म्हणाले. “मला कळता कामा नये कुठला चालू आहे. हिरव्यापासून सुरुवात कर की लाल, तू ठरव. मग दर वेळी एकदा बटण दाबायचं, मी वाजवणार, मी जे बोलेन ते तू लिहायचं. आठ वेळा.”

“माझ्या हातात चादर आहे.”

“पायाने तर दाबायचंय.”

मग खिडकीच्या काचेत दिव्याचं प्रतिबिंब दिसतंय असं यांच्या लक्षात आलं. प्रामाणिक माणूस. उठून स्वतःचा मोजा काढला आणि दिव्यावर घातला. मोजा कामावरचा होता. त्यानंतरची सगळी परीक्षा मी तोंडाने श्वास घेऊन पार पाडली.

चादर पलंगावर टाकली, माझी रोजची वही आणली. हिरव्यापासून सुरुवात केली. आता, ज्यातून सूर निघतो त्याला पाय लावायचा नाही हा माझा लहानपणापासूनचा नेम आहे. देवाचं नाव ज्यातून घेता येतं त्या वस्तूला मी पाय लावणार नाही, मग ती पेटी दहा वेळा का पायासाठी बनवलेली असेना. म्हणून दर वेळी वाकले आणि बोटाने दाबलं. टक. लिहिलं. वाकले. टक. लिहिलं.

हे डोळे मिटून वाजवत होते आणि मतं देत होते. पहिल्याला म्हणाले, “वा, पोटातून येतोय.” दुसऱ्याला, “हा! हा बघ, याला धार आहे.” तिसऱ्याला नाक मुरडलं, “ओल्या पुठ्ठ्यासारखा.” मध्येच स्टूल टोचतंय म्हणून उठून खुर्चीवर बसले, आणि चौथ्याला खुर्चीतून निम्मे उठले, “जमीनअस्मानाचा फरक आहे गं! ऐकू येतंय ना तुला?”

मी म्हटलं, “येतंय की.” मला काही येत नव्हतं. पण एकतीस वर्षं मी यांच्या लिफ्टच्या मोटरींच्या गोष्टींनाही ‘हो ना’ म्हणतच होते.

पाचवा मधासारखा. सहावा बरा, पण जरा कोरडा. सातवा परत पुठ्ठा. आठव्याला काही बोललेच नाहीत, नुसती मान हलवली, म्हणजे पसंत.

हिशेब सरळ होता. नवा चार वेळा वाजला, तीनदा आवडला. जुना चार वेळा वाजला, दोनदा आवडला. एका मताने नवा निवडून आला. यांनी गिटार मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाले, “कानाला जे पटलं ते पटलं. जुन्याशी माया वेगळी, आवाज वेगळा.” आणि दुकानदाराला फोन करायला बाहेर गेले. कानामागून आला आणि तिखट झाला, तो हा असा.

मी मोजा उचलला. चिमटीतच उचलला. खाली दिवा हिरवा होता.

सुरुवात हिरव्याने. मग सात वेळा बटण. सातव्यानंतर लाल हवा. मी बोटाने दाबलं. टक. हिरवा. परत दाबलं. टक. हिरवा. मग दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून सगळं वजन टाकलं, तेव्हा आतून खटकन काहीतरी बसलं आणि दिवा लाल झाला.

ते बटण बुटाच्या टाचेसाठी बनवलेलं. माझ्या बोटाने ते अर्ध्यावर जाऊन नुसतं टक म्हणत होतं. म्हणजे आठही वेळा एकच प्रीअँप वाजला होता. आणि त्या आठांत यांना एक धारेचा, एक पुठ्ठ्याचा आणि एक मधाचा ऐकू आला होता.

मला आधी हसू आलं. उशीत तोंड घालून हसले. बाहेरून यांचा आवाज येत होता, “हो, हो, बुधवारी जुना घेऊनच येतो,” आणि माझं हसू तिथेच थांबलं.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण सांगायचं कसं? या माणसाची सगळी मिजास ती काय, कान. पगार गेला, केस गेले, चालेल. पण लिफ्टच्या दाराला कान लावून जो आजार सांगतो, त्याला बायकोने सांगायचं की तुम्ही आठ वेळा एकच डबा ऐकलात? मूग गिळून गप्प बसले. चादरीची घडी पुरी केली, तीही वाकडी.

सोमवारी सकाळी देवापुढे जपाला बसले तर माळ पुढे सरकेना. मी खोटं बोलले नव्हते. पण खरंही बोलले नव्हते, आणि त्या दारात दोन्हींचा भाव एकच लागतो. एकशे आठ मण्यांत मला निदान चाळीस वेळा ‘जादा वजन’ दिसलं. देवाला म्हटलं, तूच काहीतरी कर. देवाने काही केलं नाही. माझी कामं तो सहसा माझ्यावरच सोडतो.

आज मंगळवार. संध्याकाळी हे कामावरून लवकर आले, हात धुतले आणि पेचकस घेऊन रॅकपुढे बसले. जुन्या प्रीअँपचे स्क्रू काढायला लागले. चार स्क्रू. पहिला काढून खिशात ठेवला. दुसरा काढला आणि पाटीवरच्या ‘तळमजला’ला बाहीने उगाच पुसलं. तिसऱ्या स्क्रूला मी दारातून बोलले.

“अहो, थांबा. रविवारी ते बटण लागलंच नव्हतं.”

“कुठलं बटण?”

“पेटीचं. मी बोटाने दाबत होते. टक वाजायचं, पण बदलत नव्हतं. मी नंतर मोजा काढून पाहिलं.”

पेचकस हवेत राहिला. “कितव्या वेळी लागलं नाही?”

“एकदाही नाही. सगळ्या वेळा जुनाच वाजला.”

“आठही वेळा?”

“आठही.”

“शक्य नाही. तिसरा आणि चौथा, जमीनअस्मानाचा फरक होता!”

“होता ना. तुम्ही मध्ये स्टुलावरून खुर्चीवर बसलात.”

यांनी पेचकस खाली ठेवला. उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. कुठे ते विचारायची गरज नव्हती. रुसले की हे आमच्या इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मोटरीच्या खोलीत जातात आणि तिला तेल घालतात. आमची लिफ्ट गावात सगळ्यांत मऊ चालते, त्याचं श्रेय पुष्कळसं माझं आहे.

तेवढ्यात गाणारा आला, दुकान बंद करून, खांद्यावर केसांचे तुकडे तसेच. “काय वहिनी, नवा डबा ऐकायला आलो. कुठे आहे तुमचा कानसम्राट?”

मी सांगितलं नाही. नवऱ्याची फजिती घरात राहावी. पण माझा चेहरा काचेचा आहे. त्याने खोदून खोदून अर्धं काढलं, अर्धं ओळखलं, आणि भिंतीला टेकून इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. दार उघडंच होतं. हे उंबऱ्यात उभे, हात काळे, मुठीत लिफ्टचं एक मोठं हिरवं बटण, तळहाताएवढं.

“हास,” हे म्हणाले. “हसून घे. मग बस.”

“अरे, मी काही…”

“बस म्हटलं ना.” मग माझ्याकडे न बघता, “पायाने का नाही दाबलंस?”

“माझा नेम आहे. तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत होतं. मीच विसरलो.” खाली बसून यांनी पेटी उघडली. पायाच्या बटणाच्या दोन तारा काढल्या आणि त्या हिरव्या बटणाला जोडल्या. “हे हाताचं आहे. म्हातारी माणसंसुद्धा दाबतात. बोट लागलं की लागलं.” दिव्याची तार लांब केली, दिवा माझ्या पाठीमागे कपाटाआड ठेवला. मोज्याची गरज उरली नाही, देवाची कृपा. बटण माझ्या हातात देताना इतकंच म्हणाले, “आता बघू.”

एकतीस वर्षांत या माणसाने माझ्या नेमाबद्दल एक शब्द चांगला म्हटलेला नाही. पण माझ्यासाठी बटण मात्र बदललं.

पुन्हा खिडकीकडे तोंड. या वेळी स्टुलावरून हलायचं नाही अशी अट मी घातली. गाणाऱ्याने तोंडावर हात ठेवला. मी बटण दाबलं, दिवा बदलला, वाजलं.

“नवा,” हे म्हणाले. बरोबर.

“जुना.” बरोबर.

“नवा. जुना.” दोन्ही बरोबर. गाणाऱ्याचा हात तोंडावरून खाली आला.

पाचव्याला चुकले. खाली रस्त्यावर ट्रक मागे घेताना भोंगा वाजत होता म्हणून ते मत बाद करावं असं म्हणाले. मी वहीत चूक म्हणूनच लिहिलं. सहावा, सातवा बरोबर.

आठव्याला मला काय सुचलं कोण जाणे. बटणावर हात ठेवला, नखाने कडेला टक वाजवलं आणि दाबलं नाही.

यांनी एक सूर छेडला. तो संपेपर्यंत थांबले. दुसरा छेडला. मग मागे न वळता म्हणाले, “दाबलंच नाहीस तू.”

गाणाऱ्याने हळूच कपाटाआड वाकून दिवा पाहिला आणि कान पकडले. स्वतःचे.

हे वळले. चेहऱ्यावर असा आनंद की मला मुलीच्या निकालाचा दिवसच आठवला. “वही दे,” म्हणाले. रविवारचं पान काढलं आणि मोठ्याने वाचलं: पोटातून येतोय, धार आहे, पुठ्ठा, जमीनअस्मानाचा, मध, कोरडा, पुठ्ठा, पसंत.

“म्हणजे हे सगळं याच्याबद्दल,” जुन्या डब्याकडे बोट दाखवत म्हणाले. तो दोन स्क्रूंवर एका बाजूला लोंबकळत होता. “आठांत पाच वेळा चांगलं बोललो मी.”

“आणि तीनदा वाईट,” मी म्हटलं.

“तुझ्याबद्दल बोलतो त्या मानाने बरंच आहे हे.”

“आणि नवा?” गाणाऱ्याने विचारलं.

हे विचार करून बोलले. “नव्यात खोट नाही. सभ्य आहे. येतो, बसतो, बरोबर तेवढं बोलतो, जातो. गेल्यावर काय बोलला ते आठवत नाही.”

“ते सगळं छान,” गाणारा म्हणाला, “पण माझं पोळं? शनिवारी वाचनालयात मधमाश्या आल्या तर मी खुर्ची पुसणार म्हणजे पुसणार.”

तो म्हणाला ते खरंच होतं. कान परत मिळाले म्हणून घुंघूं जात नाही. जुना डबा पुरता बाहेर काढला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणला, मिठाची बरणी बाजूला झाली. झाकण उघडून, तारा जोडून, खुंटी चौथ्या मजल्यावर नेली. लाल दिवा पेटला, ‘जादा वजन’, आणि घुंघूं सुरू. गाणारा म्हणाला, “हीच ती!” जणू खोलीत आम्हाला ऐकू येत नव्हतं.

हे माझी पेन्सिल घेऊन आतल्या काचेच्या व्हॉल्व्हवर हळूच टकटक करत गेले, डॉक्टर पाठीवर करतात तसं. पहिला गप्प. दुसऱ्यावर टकटक केली तर स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला. तो काढून हातात धरताच घुंघूं निम्मी झाली. तिसराही तसलाच निघाला. तो काढल्यावर उरलेली निम्मी गेली. गिटारही गेली म्हणा, कारण त्या दोघांशिवाय आवाजच येत नाही. पण शांतता कशी असते ते आम्ही तिघांनी ऐकलं.

“लग्नापासून हेच आहेत आत,” हे म्हणाले. “कधी बदललेच नाहीत. दुसऱ्यांच्या लिफ्टा दर महिन्याला उघडतो मी.”

“वाचनालयात मी हळुवारच गाणं घेणार,” गाणारा दारातून म्हणाला. “आधीच सांगतो.”

“घे,” हे म्हणाले. “लाव ताकद.”

तो गेल्यावर दोन्ही म्हातारे व्हॉल्व्ह यांनी माझ्या रुमालात गुंडाळले, नवे आणताना नंबर जुळवायला. नव्या प्रीअँपच्या खोक्यात त्याचा फोम परत तसाच बसवला. दुकानदार काय बोलेल ते मी विचारलं. म्हणाले, बोलू दे, मी ऐकून घेईन, कान आहेत मला.

उद्या बुधवार. सकाळी दुकान उघडताच हे नवा प्रीअँप परत देणार आणि दोन व्हॉल्व्ह घेऊन येणार.